एकाच्या खालचा नंबर

टीव्ही लावल्यावर तुमचं बोट रिमोटच्या कुठल्या बटणावर आधी जातं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मला ठाऊक असायचं. नोकरीच होती ती. आधी जळगावात आणि मग धुळ्यात मिळून उमेदीची सगळी वर्षं मी केबलच्या कंट्रोल रूममध्ये घालवली. कुठलं चॅनल कुठल्या नंबरावर दिसणार, ते मालक ठरवायचे. पण तो नंबर प्रत्यक्ष लावायचा मी. त्यामुळे बाहेर मला 'नंबरवाले भाऊ' म्हणायचे. देवपुरात नवीन राहायला आलेल्या एका शेजाऱ्याचा त्यावरून समज झाला की मी मटका घेतो. वर्षभर तो माझ्याशी जपून बोलत होता.

लोकांना वाटतं, चॅनल चांगलं असलं की माणसं बघतात. तसं नसतं. चॅनल सापडलं तर माणसं बघतात. जुन्या काळी गच्चीवर डिश असायच्या आणि खाली खोलीत यंत्रांची मांडणी. एका चॅनलला एक यंत्र. ते चॅनल तारेतून कुठल्या नंबरानं जाणार, ते त्या यंत्रावर ठरायचं. कमी आकड्यांचा सिग्नल तारेतून लांबवर धड पोचायचा, आकडा वाढला की वाटेतच दमायचा. देवपुरात जे चॅनल लख्ख दिसायचं, ते सोनगीरच्या शेवटच्या घरात मुंग्यांनी भरलेलं असायचं. त्यात बऱ्याच घरांत टीव्ही बारा बटणांचे. तेराव्या नंबरावरचं चॅनल त्या घरापुरतं जन्मालाच आलेलं नसायचं.

म्हणून पहिल्या बारा नंबरांत बसण्यासाठी मुंबईची मोठमोठी माणसं आमच्या जिन्यावर चपला काढायची. एवढ्या रुबाबाच्या, एवढ्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसांना आमच्या खोलीत पंख्याखालच्या एकाच खुर्चीसाठी ताटकळताना बघून मला सुरुवातीला फार मजा वाटायची. नंतर सवय झाली.

नंबर बदलायचे असले की आम्ही ते दुपारी, भारनियमनात बदलायचो. लाइट नाही म्हणजे टीव्ही बंद, टीव्ही बंद म्हणजे ओरडायला कोणी नाही. आमच्या डिशना जनरेटर होताच. चार वाजता लाइट आली की लोकांना सगळंच इकडचं तिकडं झालेलं दिसायचं आणि पाच मिनिटांत आमचा फोन पेटायचा. जळगावला असताना एकदा नशिराबादहून एका केळीवाल्या नानांचा फोन आला. "काल सातवर केळीचा भाव होता. आज तठी बाई नाचू र्‍हायली! आता मी केळी कोनाले विकू?" मी म्हटलं, नाना, भाव अकरावर गेलाय. तर म्हणाले, "वर गेला का? मंग बरं हाय," आणि फोन ठेवून दिला.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ. दोन भक्तीची चॅनलं होती. दोघांनाही बेरीज नऊ येणारा नंबर हवा होता आणि दोघांचेही प्रतिनिधी एकाच दिवशी, एकाच बाकावर येऊन बसले. दिवसभर एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे धुळ्यात सेट-टॉप बॉक्स आल्यावर एका सराफांनी आपल्या दागिन्यांच्या जाहिरातीच्या चॅनलसाठी हट्टानं नऊशे सोळा मागून घेतला. बावीस कॅरेटचा आकडा. ते चॅनल कोण बघायचं देव जाणे, पण शेठ स्वतः दुकानात दिवसभर तेच लावून बसायचे आणि येईल त्याला नंबर वाचायला लावायचे.

पण या धंद्यात ज्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडले, अशी माणसं तीनच. एक आमचे मालक आबा, दुसरे मुंबईचे दळवी आणि तिसऱ्या लीलाअक्का. या तिघांची गाठ एकाच नंबरावर पडली, म्हणून हे लिहायला बसलो.

दळवी हे एका बातम्यांच्या चॅनलचे नंबर मिळवणारे माणूस. पट्टीचे. धुळ्यात आले की आधी आमच्याकडे येत नसत. स्टँडवर चहाच्या हॉटेलात बसायचे, मग केस कापायच्या दुकानात, मग एखाद्या ओळखीच्या घरी. टीव्हीकडे पाठ करून बसायचे आणि रिमोट ज्याच्या हातात आहे त्याच्या अंगठ्याकडे बघायचे. संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये येऊन मला सांगायचे, "भाऊ, मालिकेत जाहिरात लागली की माणूस एक घर वर जातो. खाली जात नाही. मला मालिकेच्या वरचं घर द्या. खालचं फुकट दिलंत तरी नको." मी आधी हसलो. मग घरी येऊन आमच्या मंडळींचा अंगठा बघितला. वर! तेव्हापासून हा माणूस माझा गुरू झाला. आठ दिवस शहर हिंडून तो जे शिकायचा, ते मला या खोलीत बसून इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

आणि लीलाअक्का. सोनगीरच्या. यजमानांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं धुळ्यात. ते गेल्यावर कॅमेरा घरात पडून राहायला नको म्हणून अक्कांनी दुकानामागच्या खोलीत छोटं चॅनल काढलं. त्याला काहीतरी मोठं नाव होतं, पण सगळे 'अक्कांचं चॅनल' म्हणायचे. त्यावर काय दिसायचं? अहिराणी गाणी, बाजारभाव, कोणाची म्हैस हरवली, कोणाला रक्त पाहिजे, कोण वारलं. आणि रोज दुपारी बाराला अक्का स्वतः बसून वाचायच्या, ते नळाचं पाणी. धुळ्यात पाणी रोज येत नाही, हे धुळ्याबाहेरच्यांना सांगायला हवं. कुठल्या भागाला आज, कुठल्याला परवा, कुठं पाइप फुटला म्हणून उशीर, हे अक्का नगरपालिकेच्या माणसाला फोन करून लिहून घ्यायच्या आणि डोक्यावर पदर घेऊन, चष्मा सावरत, न चुकता वाचायच्या. निम्मं गाव त्यावर कपडे भिजवायचं का नाही ते ठरवायचं. पाण्याच्या आगेमागे चार किराणा दुकानांच्या आणि दोन दवाखान्यांच्या जाहिराती लागायच्या, त्यावर ते चॅनल चालायचं.

त्या जुन्या काळात अक्कांचं चॅनल चारवर होतं. मोठेपणानं दिलेलं नव्हतं. चार नंबराचं यंत्र जुनं होतं, त्यात रंग फिके यायचे, कोणी मोठं चॅनल ते घेत नव्हतं, म्हणून मी अक्कांना लावून दिलं. तेवढ्यावर त्या दरवर्षी संक्रांतीला माझ्या घरी तिळाचे लाडू पाठवायच्या.

मग सेट-टॉप बॉक्स आले. आता नंबर शेकड्यांनी झाले. मराठी एका शेकड्यात, बातम्या दुसऱ्यात, सिनेमे तिसऱ्यात, आणि गावोगावची छोटी चॅनलं आठशेच्या पुढे. तारेत थकायची भानगड संपली, सगळं शेवटच्या घरापर्यंत लख्ख. मला वाटलं, आता नंबरांची मारामारीही संपणार. दळवी हसले. म्हणाले, "आता तर सुरू होणार."

चहा पिताना त्यांनी विचारलं, लोकल चॅनलं कुठं टाकताय? नव्या नंबरांची यादी अजून बाहेर गेलेली नव्हती. पण गुरूपुढे आपली हुशारी दाखवायची खुमखुमी! मी सांगून टाकलं, आठशेत. वर आणखी एक शोध सांगितला, जो मी त्याच आठवड्यात लावला होता. नवा बॉक्स पहिला आकडा दाबल्यावर थोडाच वेळ थांबतो. तेवढ्यात पुढचे दोन आकडे दाबले नाहीत, तर पहिल्या आकड्यालाच चॅनल समजून तिथं जातो. तरुण माणसाला काही नाही. पण म्हाताऱ्या बोटांचं आठशे सहा हे आठवरच संपतं. दळवींनी कप खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते आबांना भेटले आणि त्यांनी आपल्या बातम्यांच्या चॅनलसाठी मोकळा असलेला आठ नंबर मागून घेतला.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो, लपवत नाही. मी मनात टाळी वाजवली. काय डोकं आहे, म्हटलं! आणि अक्कांना मात्र काही सांगितलं नाही. त्यांना आठशे सहा मिळाला होता. त्यांचा सगळा प्रेक्षक साठीच्या पुढचा, हे मला पाठ होतं. ही बोटं तिथवर पोचणार नाहीत, हेही मला पाठ होतं. सांगून काय उपयोग, नंबर तर ठरलेत, अशी मी माझी समजूत घातली.

भारनियमनातच आम्ही बॉक्सची यादी चालू केली. अक्कांनी आपल्या परीनं तयारी केली होती. सोनगीर, देवपूर, जुनं धुळं, जिथं ओळख होती तिथं त्या टिकल्यांची पाकिटं घेऊन फिरल्या. रिमोटवर आठला लाल, शून्याला हिरवी, सहाला पिवळी टिकली चिकटवायची आणि बायांना म्हणायच्या, "लाल, हिरवी, पिवळी. इतलंच." माझ्या सासूबाईंच्या रिमोटवरही त्यांनी टिकल्या लावल्या होत्या. सासूबाई लाल दाबायच्या, चष्म्यातून हिरवी शोधायच्या आणि तोवर पडद्यावर बातम्यांतली चार माणसं एकमेकांवर ओरडत असायची.

अक्कांचा फोन वाजायचा थांबला. आधी दिवसभर माणसं पाणी विचारायची, गाणं सांगायची, म्हैस सापडल्याचं कळवायची. आता दुपार दुपार शांत. दोन्ही दवाखान्यांनी जाहिरात बंद केली. किराणावाले तोंडावर काही बोलले नाहीत, पण अक्का दुकानात गेल्या की हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसायचे. चॅनल चालू होतं, अक्का रोज बाराला पदर घेऊन पाणी वाचत होत्या, आणि ते ऐकायला कोणी पोचत नव्हतं. असेच दोन महिने गेले. आणखी दोन गेले असते तर त्यांनी खोलीला कुलूप लावलं असतं.

मग एका सकाळी त्या कंट्रोल रूमचा जिना चढून आल्या. आमचा जिना उभा आहे. वर येऊन त्यांनी आधी श्वास घेतला, पाणी प्यायल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा भांडतील. दोन्हीची माझी तयारी होती. त्या म्हणाल्या,

"भाऊ, माले बठ्ठास्ना शेवटला नंबर द्या."

मी मनात म्हटलं, बाई हरली. मी समजूत घालायला लागलो. "अक्का, असं निराश होऊ नका. आठशे सहाचा आठशे एक करून बघतो. शेवटचा कशाला? शेवटचा नंबर नऊशे नव्व्याण्णव. तिथं तर चॅनलसुद्धा नाही, नुसते आमचे पट्टे आहेत."

हे पट्टे काय ते सांगायला हवं. नऊशे नव्व्याण्णव हा आम्ही आमच्या कामासाठी राखलेला नंबर. त्यावर उभे रंगीत पट्टे लावून ठेवलेले असायचे, बाकी काही नाही. तक्रार आली की लाइनमन घरी जातो, तार तपासतो, बॉक्स चालू करतो. बॉक्स चालू झाला की एकवरच उघडतो. तिथं आमच्या नेटवर्कचीच जाहिरात. लाइनमन मग खालचं बटण एकदा दाबतो. एकाच्या खाली काही नाही म्हणून बॉक्स फिरून यादीच्या टोकाला, नऊशे नव्व्याण्णववर जातो. पट्टे स्वच्छ दिसले की सिग्नल बरोबर. चहा घ्यायचा आणि निघायचं. ही पद्धत मीच बसवून दिली होती, लाइनमन लोकांना आकडे दाबत बसायला नको म्हणून.

अक्कांनी माझ्या टेबलावरचा रिमोट उचलला. "बॉक्स बंद करी ल्या," म्हणाल्या. मी बंद केला. "आते चालू करा." केला. एक नंबर आला. अक्कांनी अंगठ्यानं खालचं बटण एकदा दाबलं. पडद्यावर पट्टे आले.

"कितला आकडा दाबात मी?"

मी मोजले. एकही नाही.

"मनी सासू रोज हाई देखस," त्या म्हणाल्या आणि मग सगळं सांगितलं. सोनगीरच्या घरी सिग्नल गेला होता तेव्हा आमचा लाइनमन गुलाब आला होता. त्यानं नेहमीसारखं चालू करून, खालचं दाबून, पट्टे बघून काम संपवलं. अक्कांच्या सासूबाई तिथंच बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या. टिकल्यांचा त्यांचा कधीच जम बसला नव्हता. पण गुलाबनं केलेलं त्यांनी बघून ठेवलं. एवढं त्यांना जमण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी बाराला सासूबाई टीव्ही लावायच्या, खालचं बटण दाबायच्या आणि रंगीत पट्ट्यांपुढे मांडी घालून बसायच्या. अक्कांची जाऊ विचारायची, काय बघताय? तर म्हणायच्या, "लीला येईन आते."

सून दिसायची वाट बघत म्हातारी रोज तासभर पट्टे बघत होती.

अक्कांनी रिमोट टेबलावर ठेवला. मग मला म्हणाल्या, "ती जठे वाट देखी र्‍हायनी, तठे माले जाऊ द्या. आनि ती एकटी नही, भाऊ. असा हात बठ्ठा घरमा शेत."

मी डोक्याला हात लावला. इतकी वर्षं नंबर विकणारे आम्ही. पहिल्या बारासाठी, मालिकेच्या वरच्या घरासाठी, बेरीज नऊसाठी माणसं आमच्या जिन्यावर बसलेली. आणि गावातला सगळ्यात सोपा नंबर, एका दाबात येणारा, आकडा न वाचता येणाऱ्यालाही सापडणारा, आम्ही पट्टे लावून ठेवायला वापरत होतो! दिवसातून दहा वेळा लाइनमन लोकांच्या डोळ्यांदेखत तिथं जाऊन येत होते. मीच तो रस्ता काढून दिला होता आणि मलाच तो कधी रस्ता वाटला नव्हता. आमच्यासाठी ती कामाची जागा होती. तिथं कोणी राहायला जाईल, हे आमच्या टाळक्यात शिरणं शक्यच नव्हतं.

आबांना मी त्याच दिवशी विचारलं. आबा मूळचे साक्रीकडचे, थोडं बोलणारे. म्हणाले, "पट्टे नसले तर लाइनमन काय बघतील?" मी म्हटलं, अक्कांना बघतील. चित्र दिसलं की सिग्नल आला, एवढंच तर बघायचं असतं. आबा म्हणाले, "लाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेबाराला मी पट्टे काढले आणि अक्कांना नऊशे नव्व्याण्णववर बसवलं. बाराला अक्का पाणी वाचायला लागल्या. सोनगीरला सासूबाईंनी टीव्ही लावला, खालचं दाबलं, आणि पट्ट्यांच्या जागी सून आली. जावेनं अक्कांना नंतर सांगितलं, म्हातारी टीव्हीवर रागावली. "इतला दिन कोठे व्हती?" असं पडद्यालाच विचारलं आणि मग पाण्याची सगळी यादी ऐकूनच उठली. त्यात सोनगीरचं नावही नव्हतं.

या वेळी अक्का टिकल्यांचं एकच पाकीट घेऊन फिरल्या. एका रिमोटला एक टिकली, खालच्या बटणावर. "टीव्ही लावा आनि हाई दाबा," एवढाच धडा. पंधरा दिवसांत त्यांचा फोन पुन्हा सुरू झाला. दवाखाने परत आले. बाराचं पाणी अक्का आता दिवसभर मधूनमधून पुन्हा दाखवायच्या. किराणावाल्यांची वहीतली डोकी वर झाली. आणि आमच्या खात्यात एक नवीन भाषा सुरू झाली. आधी लाइनमन खांबावरून ओरडायचा, "पट्टा दिसस का?" आता ओरडायला लागला, "अक्का दिसस का?" घरातून आवाज यायचा, "दिसस!" की हा खाली उतरायचा. गुलाबचं तर म्हणणं होतं की अक्कांच्या पदराचा काठ स्वच्छ दिसला म्हणजे सिग्नल शंभर नंबरी. पट्ट्यांपेक्षा त्यानं चांगलं कळतं.

साधारण वर्षानं दळवी आले. स्टँडवर, केसांच्या दुकानात, ओळखीच्या घरात बसून आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. खुर्चीत बसले, चहाला हात लावला नाही. मला म्हणाले, "भाऊ, लोकांचा अंगठा खाली जातोय. मी आयुष्यात असं पाहिलं नाही. टीव्ही लावला की आधी खाली." मग उठून आबांच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेलो. दळवींनी सरळ नऊशे नव्व्याण्णव मागितला. जी रक्कम बोलले, ती पहिल्या बाराच्या काळातसुद्धा आमच्याकडे कोणी बोललं नव्हतं. त्या वर्षी आम्हाला नवीन बॉक्स घ्यायचे होते आणि आबांचं डोकं त्यातच होतं. अक्कांकडे कागद नव्हता, लेखी काही नव्हतं. आबांनी एक 'हो' म्हटलं असतं तर त्याच दुपारी भारनियमनात मला ते करावं लागलं असतं.

आबांनी टेबलावरचा रिमोट घेतला, खोलीतला टीव्ही लावला आणि खालचं बटण दाबलं. बारा वाजून गेले होते. अक्का वाचत होत्या. आम्ही तिघं उभ्या-बसल्या ऐकत होतो. जुनं धुळं झालं, मिल परिसर झाला, मग देवपूर. आबांचं घर देवपुरात. "देवपूर, उद्या सकाळी सहा," अक्का म्हणाल्या. आबांनी खिशातून पेन काढून कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात सहा लिहिलं आणि मग दळवींकडे वळले.

"दळवीसाहेब, तो आमचा टेस्टिंगचा नंबर आहे. आमची माणसं त्यावर सिग्नल तपासतात. टेस्टिंगचा नंबर विकत नसतात."

दळवींनी आबांकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग मोठ्यानं हसले, आणि त्या हसण्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. मला म्हणाले, "मला या बाईंना भेटायचंय." मी त्यांना अक्कांच्या खोलीवर घेऊन गेलो. कॅमेरा, एक खुर्ची, मागे निळी चादर. दळवींनी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन वाकून नमस्कार केला. अक्कांनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाल्या, "तुम्हनाकडे मुंबईले पाणी कवय येस, भाऊ?" दळवी म्हणाले, "रोज." अक्का म्हणाल्या, "मंग तुम्हले काय कये!" दळवी आयुष्यभर 'मग तुम्हाला काय कळणार' हे वाक्य सांगत राहिले, असं नंतर मुंबईहून येणाऱ्या माणसांनी मला सांगितलं.

आता लोक मोबाइलवर बघतात. नंबरांचे नियम वरून ठरतात, पूर्वीसारखं कोणी आमच्या जिन्यावर बसत नाही. तरी आमचं नेटवर्क चालू आहे आणि अक्का अजून शेवटच्या नंबरावर आहेत. पाणीही अजून रोज येत नाही, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं म्हणायचं.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी आबांनी शाल दिली, लाइनमन लोकांनी घड्याळ दिलं, भाषणं झाली. सगळे माझ्या हुशारीचं कौतुक करत होते. गुलाबनं तर सांगून टाकलं, की अक्कांना शेवटच्या नंबरावर बसवायचं डोकं भाऊंचं. मला ते ऐकवेना. समारंभ अर्धा टाकून मी सरळ अक्कांच्या खोलीवर गेलो. बाराला पाच कमी होते. अक्का पाण्याचा कागद हातात घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आठशेचं दळवींना आधी मी सांगितलं. म्हाताऱ्या बोटांचं मी सांगितलं. तुम्ही तिथं बुडणार हे मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. इतक्या वर्षांचे तिळाचे लाडू घशात अडकलेत, अक्का.

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ द्या. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"मी आठशे सहावर व्हती, तवय तुम्ही एकदा तरी मना चॅनल लावं का?"

दोन महिन्यांत एकदाही नाही. माझी बोटं तर धडधाकट होती, आठशे सहा दाबायला मला काही लागत नव्हतं. सिग्नल बघितला होता. अक्कांना बघितलं नव्हतं.

"नाही लावलं," मी म्हणालो.

"आते लावतस का?"

"रोज लावतो."

"मंग झायं," अक्का म्हणाल्या. पदर सारखा केला, कागद समोर धरला आणि घड्याळाकडे बघितलं. "भाऊ, बाजूले सरका. तुम्ही कॅमेराम्हा इ र्‍हायनात."

मी सरकलो, आणि आमच्या देवपूरचा नंबर लागेपर्यंत भिंतीला टेकून उभा राहिलो.